मांगरातली अर्धी फियाट: विकायची की पुरी करायची?

देवगडहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. वडिलांची १९६७ची फियाट ११०० डी. ती पहिल्यासारखी करायची म्हणून त्यांनीच सहा वर्षांपूर्वी घरच्या मांगरात, म्हणजे सामानाच्या शेडमध्ये, खोलायला घेतली. इंजिन कोल्हापूरला नेऊन बांधून आणलं. तळाचा पत्रा अर्धा बदलून झाला आणि दोन वर्षांपूर्वी वडील गेले. आजवर २,४०,००० रुपये गेले आहेत. मुंबईहून एकाने आहे त्या अवस्थेत ६५,००० रुपयांना मागितली आहे. उरलेल्या कामाचा अंदाज ३,५०,००० रुपयांचा मिळाला आहे आणि तयार गाडी ४,००,००० रुपयांपर्यंत जाईल असं ओळखीचे लोक सांगतात. मुंबईचा भाऊ म्हणतो विकून टाक, आई म्हणते "ऱ्हवांदे", राहू दे. आणि घराची कौलं काढून छप्पर नव्याने करायचं आहे, तेही याच वर्षी. तर काय करावं?

तीसेक वर्षं मी कुडाळ-सावंतवाडी भागात जुन्या गाड्यांची कामं करतो आहे. फियाट, अँबेसेडर, जीप, मधूनच एखादी स्टँडर्ड हेराल्ड. या प्रश्नाला मी कितीतरी खळ्यांत (घरापुढच्या अंगणांत) उभा राहून उत्तर दिलंय. त्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी पैशाचं, कारण तिथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. ते २,४०,००० रुपये हिशोबातून काढून टाका. गाडी विकली तरी ते परत येत नाहीत आणि पूर्ण केली तरी येत नाहीत. आजपासून पुढचंच मोजा. आज विकलीत तर ६५,००० हातात. पूर्ण करून विकलीत तर ४,००,०००मधून ३,५०,००० वजा, म्हणजे ५०,००० हातात. तेही वर्ष-दीड वर्षाने, आणि डेंटिंगवाल्याच्या, पेंटरच्या दारात शंभर खेपा घालून. त्यात सांगितलेला अंदाज आणि प्रत्यक्षातलं बिल एकच निघालंय असं मी माझ्याही गॅरेजमध्ये फारसं पाहिलेलं नाही. पुटी (खड्डे बुजवायचा लेप) खरवडली की खाली काय निघेल ते कोणीच आधी सांगू शकत नाही.

म्हणून "पूर्ण करून मग चांगल्या भावाला विकू" हा पर्याय तुम्ही सोडूनच द्या. माणसं सगळ्यात जास्त याच विचाराने अडकतात, कारण त्यात दोन्ही गोष्टी साधल्यासारख्या वाटतात. तुमच्यासमोर खरे रस्ते दोनच आहेत. आहे तशी विकणं, किंवा स्वतःजवळ ठेवण्यासाठी पूर्ण करणं. दुसऱ्या रस्त्यावर ते साडेतीन लाख म्हणजे खर्च आहे, गुंतवणूक नव्हे. कुणी लग्नात खर्च करतं, कुणी घराच्या वास्तुशांतीला. तसा, मनापासून करायचा खर्च.

आणि आईचं "ऱ्हवांदे"? मन मी समजू शकतो. पण आपल्याकडे ठेवलेली गाडी ठेवल्यासारखी राहत नाही. पुण्याला किंवा साताऱ्याला कोरड्या शेडमध्ये उघडलेली गाडी पाच वर्षं धूळ खात पडली तर पाच वर्षांनी ती बहुतेक तशीच सापडते. देवगडला तसं होत नाही. समुद्रावरून येणाऱ्या हवेत मीठ असतं, ते पत्र्यावर बसतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास गेली की ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओल धरतात. म्हणजे पाऊस नसतानाही पत्रा आतून ओला असतो. जूनपासून पुढे तर बोलायलाच नको, मिठाच्या बरणीतलं मीठ जसं पाझरतं तसाच दाराच्या पोकळीतला पत्रा. तुमचं घर खाडीपासून तीनशे मीटरवर आहे असं तुम्ही लिहिलंय. त्या अंतरावर उघडा घासलेला पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर तांबूस झाक आलेली असते. हे मी स्वतः कित्येकदा पाहिलंय.

वेंगुर्ल्याच्या एका निवृत्त शिक्षकांनी मला एकदा अशीच फियाट बघायला बोलावलं होतं. तीन पावसाळे निळ्या ताडपत्रीखाली घट्ट बांधून ठेवलेली, मोठ्या काळजीने. टप चांगला, बॉनेट चांगलं, रंगाला चमकसुद्धा होती. मी आत बसायला गेलो, पाय टेकवला आणि तो गालिच्यासकट खाली गेला. तळाला पत्रा उरलाच नव्हता, गालिच्याने त्याचा आकार धरून ठेवला होता इतकंच. ताडपत्रीने पाऊस अडवला, पण सारवलेल्या जमिनीतून वर येणारी वाफ आतच कोंडली. त्यांनी गाडी उघडी ठेवली असती, नुसती वर छप्पर घालून, तर निम्मा तळ वाचला असता. ते सर त्या दिवशी बराच वेळ काही बोलले नाहीत. मला ते अजून आठवतं.

म्हणून तुमचा निर्णय यंदाच्या आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीच्या दिवसांच्या, आत व्हायला हवा. आता कार्तिक चाललाय. मिरगाला अजून सहा-सात महिने आहेत. पत्र्याचं आणि रंगाचं काम आपल्याकडे याच महिन्यांत होतं. पावसाळ्यात रंग मारला की थिनर उडताना पत्रा गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग पांढरट पडतो. जूनमध्ये "आता गणपतीनंतर बघू" म्हणालात की आणखी एक पावसाळा त्या उघड्या पत्र्यावरून जाईल. पुढच्या वर्षी तुमच्याकडे ६५,०००ची गाडी नसेल आणि साडेतीन लाखांचा अंदाजही नसेल. एक कमी झालेला असेल, दुसरा वाढलेला.

आता गाडीकडे येऊ. फियाटच्या बाबतीत एक गोष्ट चांगली आहे. तुमची ११०० डी आणि नंतरची प्रीमियर पद्मिनी या मुळात एकाच घरातल्या. कुर्ल्याच्या कारखान्यात तीच गाडी थोडेफार बदल होत, १९७४पासून पद्मिनी या नावाने, पुढे पाव शतक बनत राहिली. मुंबईची टॅक्सीही तीच होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत ऑक्टोबर २००३मध्ये नोंदवली गेली आणि वीस वर्षांनी, ऑक्टोबर २०२३मध्ये, रस्त्यावरून उतरली. त्यामुळे १०८९ सीसीचं इंजिन, गियरबॉक्स, ब्रेक, पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या), पुढचं सस्पेन्शन यांचं सामान कुर्ल्याला, चोरबाजारात, कोल्हापूरला आजही शोधलं की सापडतं. इंजिनाची काळजी करू नका.

काळजी करायची ती बॉडीची. जीपला खाली वेगळी चॅसी असते. वरचा पत्रा सगळा गेला तरी चॅसी धड असेल तर जीप उभी राहते. फियाटला वेगळी चॅसी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यात सगळ्यात जास्त भार दोन्ही बाजूंना दारांच्या खालून जाणाऱ्या पोकळ पेटीवर येतो. गॅरेजमध्ये तिला सिल म्हणतात. पाणी तिच्यात शिरतं, मीठ तिच्यात साचतं, आणि बाहेरून पुटी लावून रंग मारला की काहीच दिसत नाही.

तुमच्या पत्रातलं एकच वाक्य मी तीन वेळा वाचलं. "वेल्डरने जुना तळ आणि उजव्या बाजूची खालची पट्टी कापून काढली, मग बाबा आजारी पडले." गाडी तेव्हापासून चार विटांच्या थरांवर उभी आहे. माझा सगळा सल्ला या वाक्यावर येऊन थांबतो. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी बार वेल्ड करून बॉडी बांधून घ्यावी लागते. ते न करता कापलं आणि गाडी वर्षानुवर्षं तशीच टेकून राहिली, तर ती मधून बसते. बसलेल्या बॉडीवर नवा तळ वेल्ड केला की तो बाकच कायमचा पक्का होतो. मग दार लागत नाही, काच चौकटीत बसत नाही, आणि पेंटर पुटी भरून फटी बुजवत बसतो.

मी फोटोवरून हे सांगू शकत नाही. पण तुम्ही स्वतः अर्ध्या तासात शोधू शकता. चारी दारं काढलेली आहेत असं दिसतंय, ते उत्तम. प्रत्येक दाराच्या चौकटीत वरच्या पुढच्या कोपऱ्यापासून खालच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत तिरपं माप घ्या. मग दुसरं तिरपं, वरच्या मागच्यापासून खालच्या पुढच्यापर्यंत. ही दोन मापं एकमेकांशी जुळणार नाहीत, कारण दार काही चौकोनी नाही. जुळायला हवी ती डाव्या बाजूची मापं उजव्या बाजूच्या मापांशी. दोन-तीन मिलिमीटरचा फरक मी सोडून देतो. सात-आठ मिलिमीटर निघाला तर काळजीचं, आणि पंधराच्या वर गेला तर त्या गाडीला जिगवर (बॉडी सरळ करायच्या लोखंडी साच्यावर) चढवून ओढावं लागेल. त्या कामाचा खर्च तुम्हाला मिळालेल्या अंदाजात नक्कीच धरलेला नाही.

त्यानंतर एक लोहचुंबक आणि एक बोथट स्क्रू ड्रायव्हर घ्या. डावी सिल, मागचे पाटे जिथे बॉडीला अडकतात ते कोपरे, पुढचं सस्पेन्शन बॉडीला जिथे बोल्ट होतं ती जागा, आणि डिकीतला स्टेपनीचा खड्डा. चुंबक चिकटत नसेल तिथे पुटी आहे. स्क्रू ड्रायव्हर अंगठ्याच्या जोराने आत जात असेल तिथे पत्रा नाही. बाकी दारं, मडगार्ड, बॉनेट सडलेलं असलं तरी घाबरू नका, ती बोल्टची किंवा बदलता येणारी कामं आहेत. मागच्या पाट्याचा कोपरा आणि सस्पेन्शनची जागा गेलेली असेल तर मात्र माझं उत्तर सरळ आहे: विका.

दुसरी गोष्ट, जी लोक नेहमी विसरतात. उरलेलं सामान पूर्ण आहे का? इंजिनाचं नव्हे, वरचं. ११०० डीची पुढची जाळी, दिव्यांच्या कडा, दारांच्या मुठी, डॅशबोर्डवरचं मीटर, काचांच्या कडेची पट्टी, चाकाच्या टोप्या, कंपनीची अक्षरं. पद्मिनीची जाळी तुमच्या गाडीला बसत नाही, आणि बसवली तरी ती ११०० डी दिसत नाही. एकेका पट्टीसाठी माणसं दोन-दोन वर्षं थांबलेली मला माहीत आहेत. तुम्ही लिहिलंय की बाबांनी सगळं बिस्किटांच्या आणि डालडाच्या डब्यांत भरून प्रत्येकावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलंय. तुम्ही पाठवलेल्या फोटोत एका डब्यावर मला वाचता आलं: "डावा मागचा दरवाजा, कब्जे, ४ स्क्रू, १ वायसर कमी." हे वाचून मला फार बरं वाटलं. असं काम करणारा माणूस गाडी समजून उघडत होता. अर्धवट सोडलेल्या दहांपैकी नऊ गाड्या सामान हरवल्यामुळे मरतात, तुमची त्यातली नाही. तुमच्या गाडीची किंमत ६५,०००हून जास्त असू शकते असं मला वाटण्याचं हेच कारण आहे.

इंजिनाचं थोडक्यात. बांधून आणलेलं इंजिन पाच वर्षं न फिरवता ठेवलंय. ते नवीन आहे असं समजू नका, पण वायाही गेलेलं नाही. थेट स्टार्टर मारू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा, दोन दिवस मुरू द्या, मग हाताने क्रँक फिरवून बघा. सहज फिरलं तर नशीब चांगलं. अडकलं तर जोर लावू नका, रिंगा गंजून धरल्या असतील, पुन्हा खोलावं लागेल. कार्बोरेटर आणि पेट्रोलची नळी फुंकून बघा. आपल्याकडे कुंभारीण माशी अशा नळ्यांत मातीची घरं करते आणि माणूस महिनाभर गाडीतल्या पेट्रोल पंपाला दोष देत बसतो. ब्रेकचे सिलिंडर गेलेले धरा, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. वायरिंग उंदरांनी ठेवलं असेल तरी ते नवंच घाला. आणि टाकीत जुनं पेट्रोल असेल तर काढून टाका. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, तेही पाणी ओढतं. नवीन नळ्या घालाल तेव्हा इथेनॉल सोसणाऱ्याच घ्या, जुन्या साठ्यातलं काळं रबर नको.

एक सांगतो, बाबांना दोष देत नाही. इंजिन आधी आणि बॉडी नंतर हा क्रम कोकणात जवळपास सगळेच करतात. इंजिन सुरू झालेलं ऐकायचं असतं, त्याने हुरूप येतो. पण खाऱ्या हवेत आधी बॉडी बंद करायची असते.

आता कागद. गाडी अजून वडिलांच्या नावावर आहे, नंबर तीन अक्षरी जुना, आणि नोंदणी संपलेली. विका किंवा ठेवा, पहिलं काम गाडी वारसाच्या नावावर करणं. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यू दाखला, वारसांचे कागद आणि भावाचं व आईचं संमतिपत्र लागेल. हे तीन महिन्यांत व्हायला हवं होतं, आता उशिराचा दंड बसेल, पण काम होतं. तुमची जुनी नोंद सरकारच्या 'वाहन' या संगणक प्रणालीत चढलेली आहे का ते आधी आरटीओत विचारा. देवगड सिंधुदुर्गात, म्हणजे ओरोसचं कार्यालय. पण गाडीची मूळ नोंद मुंबईची असेल तर तिकडच्या कार्यालयातून नोंद चढवून घ्यावी लागेल. त्याला वेळ लागतो, म्हणून आजच विचारा. आरसी बुकावरचा चॅसी नंबर बॉडीवरच्या नंबराशी स्वतः डोळ्यांनी जुळवा. नंबराची जागा गंजली असेल तर घासू नका. तिथे पॉलिश पेपर लावलेला दिसला की पुढे नंबर खोडल्याचा संशय येतो.

पूर्ण करून चालवायचं ठरवलंत तर दोन वाटा. एक नेहमीची: नोंदणीचं नूतनीकरण, तपासणी, पर्यावरण कर, नवी सुरक्षा नंबर प्लेट. वीस वर्षांवरच्या चारचाकीची नूतनीकरणाची फी २०२५मध्ये १०,००० रुपये झाली आहे, आधी ती ५,००० होती. दुसरी वाट विंटेजची. २०२१च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं होऊन गेलेली आणि मूळ रूपात असलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. फी २०,००० रुपये, नोंद दहा वर्षांची, नंबरात व्हीए ही अक्षरं. ऐकायला झोकदार आहे. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यासाठीच. तुम्ही लिहिलंय, "रविवारी आईला कुणकेश्वराला घेऊन जायचंय." मग तुमच्यासाठी पहिलीच वाट. आणि भावाने सुचवलेलं लग्नाला भाड्याने देणं दोन्ही वाटांवर बसत नाही, ते डोक्यातून काढा. विंटेजच्या नियमात 'मूळ रूपात' हा शब्द आहे, म्हणून बॉडीच्या सांगाड्यात किंवा इंजिनात मनाने बदल करू नका. डिझेल इंजिन टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

विकायचं झालं तर नीट विका. या मुंबईच्या माणसाला लगेच हो म्हणू नका. तो नुसता फोटो बघून भाव सांगतोय, म्हणजे त्याने सगळ्यात वाईट धरून सांगितलंय. दारं, बॉनेट, डिकी नुसत्या दोन बोल्टांवर का होईना, जागेवर चढवा. चार चाकं घाला, हवा भरा, गाडी ढकलता येईल अशी करा. मांगरातून बाहेर खळ्यात काढा, उजेडात. बाबांचे डबे एका चटईवर ओळीने मांडून फोटो काढा, कोल्हापूरच्या इंजिनकामाची पावती जोडा, काय कापलंय आणि काय नाही ते लपवू नका. चार चाकांवर उभी असलेली, सगळं सामान असलेली गाडी आणि विटांवर पडलेलं खोकं, यांत घेणाऱ्याच्या मनात फार मोठं अंतर असतं. सामान सुटं विकू नका. जाळी आणि दिवे आधी जातील, चांगले पैसे मिळाल्यासारखं वाटेल, आणि राहिलेल्या सांगाड्याला भंगारवाल्याशिवाय गिऱ्हाईक मिळणार नाही. बाबांनी पन्नास डब्यांत जे एकत्र ठेवलं ते एकत्रच जाऊ दे. आणि मालकी बदलाच्या फॉर्म २९ व ३० वर सही होऊन नाव बदलल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर सोडू नका. "मुंबईला जाऊन करतो" म्हणणाऱ्यांची मला चांगली ओळख आहे. कागदावर मालक तुम्हीच राहता आणि पुढे गाडीचं जे होईल ते तुमच्या नावावर लागतं.

ठेवायचं झालं तर साडेतीन लाख एकदम लावू नका. छप्पराचं काम आहे, ते आधी. शाकारणी टाळून गाडी रंगवणं मला तरी पटत नाही. यंदा फक्त बॉडी बंद करायची, एवढंच ध्येय ठेवा. चौकट बांधून घेऊन उजवी सिल आणि तळ पूर्ण करा, सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्र्याने आणि सीओटू (गॅसच्या) वेल्डिंगने. छपराचा जीआय पत्रा वेल्ड करू देऊ नका, जस्त जळून जातं आणि सांध्यालाच आधी गंज धरतो. जुन्या सडक्या पत्र्यावर नवा तुकडा चढवू देऊ नका. सडकं कापून काढायचं, चांगल्या पत्र्याला चांगला पत्रा जोडायचा. वेल्डिंग झालं की गोड्या पाण्याने सगळा तळ धुऊन, उन्हात वाळवून, त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. साधा राखाडी प्रायमर मारून ठेवू नका. तो सच्छिद्र असतो, पाणी आरपार जातं, आणि लोक समजतात गाडी झाकली गेली. पोकळ्यांमध्ये मेणाचं गंजरोधक फवारून घ्या. गाडी चाकांवर, जमिनीपासून वर, चिऱ्यांच्या आणि फळ्यांच्या उंचवट्यावर ठेवा, काचा दोन बोटं खाली, वर कापडी आच्छादन, बाजूने वारा खेळता. एवढं झालं की गाडी थांबू शकते. रंग पुढच्या वर्षी, आतली गादी त्याच्या पुढच्या वर्षी. बॉडी बंद झाल्यावर घाई राहत नाही, आणि मन बदललं तरी अशी गाडी आजच्यापेक्षा चांगली विकली जाते.

आता तुम्हाला खरं हवंय ते. माझा कल कुठे?

पत्र वाचताना मी एक शोधत होतो. बाबांचं स्वप्न, बाबांची इच्छा, बाबांनी ठेवलेले डबे, हे सगळं आहे. पण तुम्हाला स्वतःला ती हवी आहे का? नुसतं गेलेल्या माणसाचं अर्धं काम पुरं करायचं म्हणून घेतलेली गाडी पुढच्या अडचणीला पुन्हा बंद पडते. मी अशा चार-पाच गाड्या दोनदा अर्धवट राहिलेल्या पाहिल्यात. ते ओझं मुलाने वाहावं असं कुठल्याच बापाला वाटत नसेल. विकली म्हणून तुम्ही बाबांचा अपमान करत नाही, हे मी माझ्या वयाच्या अधिकाराने सांगतो.

पण मग शेवटच्या परिच्छेदात तुम्ही लिहिलंय की लहानपणी बाबा तुम्हाला पुढच्या लांब सीटवर मधे बसवायचे, क्लच दाबायचे आणि हँड गियर तुमच्या हाताने टाकून घ्यायचे, आणि दुसऱ्या गियरला दांडा जरा अडकायचा. पन्नाशीला आलेल्या माणसाला दांडा कुठे अडकायचा हे आठवतंय. ते बाबांबद्दल नाही, ते गाडीबद्दल आहे. त्यामुळे मापं जुळली आणि पाट्यांचे कोपरे धड निघाले, तर ठेवा. यंदा फक्त बॉडी बंद करण्यापुरता खर्च, बाकी छपरावर. मापात पंधरा मिलिमीटरच्या वर फरक निघाला किंवा कोपरे गेले असतील, तर शिमग्याच्या आत विका, आणि हँड गियरचा तो दांडा काढून घेऊ नका, तो नव्या मालकाला लागेल. त्याऐवजी बाबांच्या अक्षरातली एक चिकटपट्टी ठेवून घ्या.

मापं घेऊन कळवा, आठही आकडे, डावी-उजवी वेगळी लिहून. टेप लोखंडी वापरा, शिवणकामाचा नको, तो ताणतो. आणि विटांचे थर एका पातळीत आहेत का ते माप घेण्याआधी बघा, गरज पडल्यास खाली फळी घाला.